रांगेतला चौथा गडी

न्यूयॉर्कमधली एक नंबरची सबवे उत्तरेला जिथे संपते, त्या स्टेशनाच्या नावातच बागेचं नाव आहे: व्हॅन कोर्टलांड पार्क. 242 व्या रस्त्यावरच्या त्या उंच फलाटावर गोल्फची पिशवी खांद्याला अडकवलेली माणसं उतरतात आणि जिना संपला की बागेच्या कडेने चालू लागतात. त्या सकाळी मीही त्यांच्यातलीच एक होते. पिशवी मैत्रिणीकडून मागून आणलेली, आणि सोबत कोणी नाही.

मैदान 1895 सालचं. अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून ते ओळखलं जातं. सुरुवातीला होल, म्हणजे चेंडू ज्यांत घालायचा ते खड्डे, फक्त नऊ होते. मी गेले होते तो इतिहास बघायला. पण आधी गाठ पडली स्टार्टरशी, म्हणजे खेळाडूंना क्रमाने पहिल्या टीवर, जिथून पहिला चेंडू मारायचा त्या जागेवर, सोडणाऱ्या माणसाशी. त्याने हातातल्या यादीवर पेन टेकवलं, माझं नाव विचारलं आणि मान वर न करताच म्हणाला, "हे तिघं निघालेत, तुम्ही चौथ्या." चालेल का, हे त्याने मला विचारलं नाही आणि त्या तिघांनाही नाही. सार्वजनिक मैदानावर एकट्याने आलेल्याला असंच कुणाच्या तरी गटात घालतात.

तिघांमध्ये एक टपाल खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, दुसरा त्यांचा पुतण्या, आणि तिसरा हॉस्पिटलमधली रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट इकडे आलेला एक नर्स. पुढचे चार-साडेचार तास आम्ही एकत्र चाललो. तिसऱ्या ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, एक क्षण मला अजून जसाच्या तसा दिसतो. माझा चेंडू होलपासून दहा-बारा फुटांवर होता. चेंडू ज्या मार्गाने होलकडे जाणार ती न दिसणारी रेघ तुडवायची नाही, असा खेळाचा शिरस्ता आहे. तो नर्स झोपेने पार तारवटलेला. पण माझ्या रेघेपाशी आला, थबकला, आणि डबकं ओलांडावं तसा लांब पाय टाकून पलीकडे गेला. त्याला माझं नावही नीट माहीत नव्हतं.

शहरातलं जुनं सार्वजनिक गोल्फ मैदान राखावं की मोडावं, हा वाद अनेक देशांत सुरू आहे. माझी बाजू त्या तिसऱ्या ग्रीनवर ठरली. मैदान राखावं. मात्र ते ज्यासाठी राखावं असं सहसा सांगतात, त्या कारणांसाठी नाही.

मोडा म्हणणाऱ्यांचा हिशेब आधी मांडते, कारण तो खोटा नाही. अठरा होलच्या मैदानाला साधारण 100 ते 150 एकर जमीन लागते. दर दहा मिनिटांनी चार जण सोडले आणि दिवसाचे बारा तास धरले, तर 72 गट होतात, म्हणजे 288 माणसं. तेही हवा चांगली असेल आणि एकही वेळ रिकामी गेली नाही तर. शहराच्या पोटातली शंभरावर एकर जमीन दिवसाला तीनशेपेक्षा कमी माणसांसाठी अडवून ठेवायची, आणि बाजूच्या वस्तीतल्या पोरांनी जाळीच्या बाहेरून बघायचं, हे कोणाला पटवून द्यायचं? घरांची टंचाई असलेल्या शहरात तर हा प्रश्न अधिकच टोचतो.

यावर गोल्फवाले दोन उत्तरं देतात. पहिलं हिरवाईचं. मला ते लंगडं वाटतं. साधी बागही हिरवीच असते, तीत जास्त माणसं मावतात आणि तिला एवढं पाणी, एवढी खतं, एवढी कापणी लागत नाही. दुसरं उत्तर वारशाचं. तेही नुसतं तेवढंच सांगितलं तर टिकत नाही, कारण जुनी मैदानं जशीच्या तशी कधी राहिलेलीच नाहीत. व्हॅन कोर्टलांड पार्कमधून नंतर मोठाले हमरस्ते गेले आणि मैदानाची आखणीच बदलावी लागली. या खेळाचं माहेर मानलं जाणारं स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स घ्या. तिथे एका फेरीत 22 होल खेळले जात; 1764 मध्ये काही होल एकत्र केले आणि त्यांचे 18 झाले. आज जगभर गोल्फची फेरी अठरा होलची असते ती त्या दुरुस्तीमुळे. जे मैदान सतत बदलत आलं, त्याचं गवत जुनं म्हणून राखा असं म्हणण्याला काय अर्थ?

त्या मैदानांवर बदलली नाही, किंवा बदलू नये म्हणून लोक भांडले, ती गोष्ट वेगळी आहे. ती म्हणजे तिथे पाय ठेवण्याचा हक्क.

सेंट अँड्र्यूजला मी रविवारी गेले, आणि मुद्दाम रविवारी गेले. एरवी जगभरातले खेळाडू ज्या गवतावर एकदा उभं राहायला मिळावं म्हणून वर्षभर आधी धडपडतात, ते गवत रविवारी गोल्फला बंद आणि गावाला खुलं असतं. अठराव्या फेअरवेवर, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, एक बाई दोन कुत्री घेऊन चालली होती. एक आजोबा स्विल्कन ओढ्यावरच्या छोट्या दगडी पुलाच्या कठड्याला टेकून बुटातली वाळू झटकत होते. त्या पुलावर उभं राहून मोठमोठ्या खेळाडूंनी निरोपाचे हात हलवलेले आहेत. आजोबांना बुटाशी मतलब. दोन मुलं पहिल्या फेअरवेवरून समुद्राच्या दिशेने पळत सुटली आणि त्यांना कोणी हटकलं नाही. अधूनमधून एखादी मोठी स्पर्धा रविवारपर्यंत चालते तेव्हा हा नियम बाजूला ठेवावा लागतो, पण नियम तो नियमच. आणि इतर दिवशीही पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला आडवी छेदणारी ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाची वाट चालूच असते. माणसं रस्ता ओलांडतात आणि खेळाडू थांबतात.

हे औदार्य नाही, हा जुना कागद आहे. 1552 मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत, हे मैदान ज्यावर आहे त्या माळावर गोल्फ आणि फुटबॉल खेळण्याचा, नेमबाजी करण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे. आर्चबिशपना तिथे ससे पाळायची मुभा हवी होती, तिच्या बदल्यात. पुढे त्याच सशांनी घात केला. 1797 च्या सुमाराला नगरपरिषदेचं दिवाळं निघालं, जमीन हातची गेली आणि ससे पाळून विकणारे व्यापारी माळावर आले. मैदानभर बिळं झाली. खेळाडू आणि ससेवाले यांच्यात कोर्टकचेऱ्या झाल्या, मारामाऱ्याही झाल्या. हे भांडण वीस वर्षांहून जास्त चाललं, आणि 1821 मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने माळ विकत घेऊन ससेवाल्यांना हटवलं तेव्हा कुठे मिटलं. तरीही माळ होता खासगी मालकीचाच. तो पुन्हा गावाच्या नावावर यायला 1894 चा संसदेचा कायदा लागला, आणि आजची विश्वस्त संस्था 1974 च्या कायद्याने आली.

मैदानाला धोका घरं बांधणाऱ्यांकडूनच येतो, ही समजूत मला म्हणूनच अपुरी वाटते. कर्जात बुडालेली नगरपरिषद आणि कागदावरची एक सही, एवढंही पुरतं.

ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीमागे रॉयल अँड एन्शंट क्लबची करडी दगडी इमारत आहे. पुष्कळांना वाटतं मैदान त्या क्लबचं. तसं नाही, क्लब शेजारी आहे. 2014 मध्ये सदस्यांनी मतदान करून निर्णय बदलेपर्यंत त्या इमारतीत स्त्रीला सदस्य होता येत नव्हतं. आणि तिथून काही पावलांवर, त्याच गावाच्या माळावर, 1867 मध्ये स्त्रियांनी पटिंगचा, म्हणजे चेंडू हळूच होलात ढकलण्याच्या खेळाचा, स्वतःचा क्लब काढलेला होता. त्या उंचसखल हिरवळीला 'हिमालय' म्हणतात. आजही थोडे पैसे देऊन, भाड्याचा पटर घेऊन कोणीही तिथे चेंडू ढकलू शकतं. हँडिकॅपचा, म्हणजे खेळातली पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा, दाखला लागत नाही. क्लबच्या दारात जे व्हायला 2014 उजाडावं लागलं, ते गावाच्या जमिनीवर जवळपास दीडशे वर्षं आधी सुरू झालं होतं. एक स्त्री म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो.

सार्वजनिक जमीन म्हटली की ती आपोआप सगळ्यांची होते असं मात्र मुळीच नाही. उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहराची हकिगत या बाबतीत प्रत्येक नगरसेवकाने वाचावी. तिथलं गिलेस्पी पार्क हे गोल्फ मैदान सरकारी पैशातून झालं, म्हणजे त्यात काळ्या करदात्यांचाही पैसा होता. काळ्या लोकांनी तिथे खेळायची मागणी सुरू केल्यावर शहराने 1949 मध्ये एक युक्ती केली. मैदान एका खासगी क्लबला नाममात्र एका डॉलरने भाडेपट्ट्यावर देऊन टाकलं. आता प्रवेश फक्त सदस्यांना. गोरा माणूस आला तर त्याच्या सदस्यत्वाची फारशी चौकशी होत नसे. काळा आला की सदस्यत्वाचा नियम पुढे यायचा.

7 डिसेंबर 1955 ला जॉर्ज सिमकिन्स हे दंतवैद्य आपल्या पाच मित्रांना घेऊन तिथे गेले. खेळू देणार नाही असं सांगितल्यावर त्यांनी फीचे 75 सेंट काउंटरवर ठेवले आणि खेळायला सुरुवात केली. त्याच रात्री सहाही जणांना अटक झाली. गुन्हा काय, तर विनापरवाना प्रवेश. शिक्षा 30 दिवसांची. जेमतेम महिन्याभरापूर्वी सर्वोच्च न्यायालयाने अटलांटाच्या होम्स कुटुंबाच्या खटल्यात शहराची गोल्फ मैदानं काळ्यांनाही खुली करावी लागतील असा निकाल दिलेला होता, तरीही.

सिमकिन्स दिवाणी न्यायालयात गेले. 1957 मध्ये संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: भाडेपट्ट्याच्या आडून शहराला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. मग आदेश अमलात यायच्या सुमाराला क्लबहाउस जळून गेलं. आणि शहराने काय केलं? ते पुन्हा बांधलं नाही. मैदानच बंद करून टाकलं. सगळ्यांबरोबर खेळण्यापेक्षा कोणीच न खेळलेलं बरं, असा तो निर्णय होता. फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 1960 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हे सहा जण हरले. तुरुंग टळला तो गव्हर्नरांनी शिक्षा बदलल्यामुळे. गिलेस्पी पार्क डिसेंबर 1962 मध्ये उघडलं, तेही नऊच होलचं, आणि पहिला चेंडू सिमकिन्स यांनी मारला.

अठरांतले नऊ होल परत आलेच नाहीत. हे वाचल्यावर व्हॅन कोर्टलांडच्या त्या स्टार्टरचं "तुम्ही चौथ्या" मला निराळंच ऐकू येऊ लागलं. मान वर न करता, चेहरा न बघता अनोळखी माणसाला गटात घालणं ही साधी गोष्ट नाही. ती मिळवावी लागली आहे. टपालवाले गृहस्थ काळे होते, मी सावळी, नर्स फिलिपिनो. 1955 च्या ग्रीन्सबरोत आमचा तो गट पहिल्या टीपर्यंतही पोचला नसता.

शहरात अनोळखी माणसांच्या शेजारी आपण रोजच बसतो, बसमध्ये, दवाखान्यात, रांगेत. पण त्यांच्याबरोबर चार तास चालणं, त्यांचा हरवलेला चेंडू आपल्या काठीने गवत बाजूला सारून शोधणं, त्यांच्या चांगल्या फटक्याला मनापासून दाद देणं, हे कुठे घडतं? खासगी क्लबात नाही, कारण तिथे कोण आत येणार ते प्रवेश शुल्काने आणि शिफारशींनी आधीच ठरलेलं असतं. साध्या बागेतही नाही, तिथे जो तो आपापल्या माणसांबरोबर बसतो. सार्वजनिक गोल्फ मैदानाकडे असलेली ही एक गोष्ट शहरात इतरत्र फारशी सापडत नाही, आणि एवढ्या एकरांचं समर्थन होऊ शकत असेल तर ते हिच्याच बळावर.

म्हणजेच ही गोष्ट जिथून नाहीशी झाली, त्या मैदानाचं समर्थन मी करणार नाही. ओल्ड कोर्सवरसुद्धा बोट ठेवावं लागेल. तिथे सोडत असते, ज्याला ते बॅलट म्हणतात. दोन दिवस आधी नावं टाकायची आणि चिठ्ठी निघेल त्याने खेळायचं. एकट्याने येणारे पूर्वी पहाटेच्या अंधारात रांगेत उभे राहत. 2024 पासून त्यांचीही सोडत निघते. ही पद्धत मला फार आवडते, कारण चिठ्ठीला पैसेवाला आणि बिनपैशाचा कळत नाही. पण हंगामात बाहेरच्या माणसाला एका फेरीचे तीनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात. चिठ्ठी आंधळी असली तरी गल्ला आंधळा नाही. गावकऱ्यांना वर्षाचा पास स्वस्तात मिळतो आणि पाहुण्यांच्या पैशावर बाकीची मैदानं चालतात, लहान मुलांसाठी, नवशिक्यांसाठी असलेलं बालगोव्ह हे नऊ होलचं मैदानसुद्धा, हे खरं आहे. तरी माझ्या मते दर दिवसाच्या काही वेळा तरी परवडणाऱ्या दरात, सोडतीनेच, कोणालाही मिळाल्या पाहिजेत.

अमेरिकेत सध्या जुन्या सार्वजनिक मैदानांच्या जीर्णोद्धाराची लाट आहे. फिलाडेल्फियाचं कॉब्स क्रीक हे 1916 चं मैदान त्यातलंच. काळ्या खेळाडूंना खेळता यायचं अशा मोजक्या मैदानांपैकी ते एक, आणि पीजीए टूरचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांचा, दरवाजा काळ्या खेळाडूंसाठी पहिल्यांदा उघडून घेणारे चार्ली सिफर्ड तिथे खेळलेले. ते 2020 मध्ये बंद पडलं, आता एक प्रतिष्ठान देणग्या जमवून ते नव्याने उभं करतंय. मोठ्या प्रमाणात झाडं तुटली म्हणून आसपासच्या वस्तीने आक्षेपही घेतला. देणगीदारांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही; इतक्या पैशाची कामं नगरपालिकेच्या आवाक्यात नसतात. पण मैदान चकचकीत झालं की दर वाढतो, दर वाढला की रात्रपाळी करून आलेला माणूस येईनासा होतो, आणि ज्याच्या नावाने देणग्या गोळा झाल्या तोच इतिहास भिंतीवरच्या फोटोंपुरता उरतो. हे टाळायचं असेल तर ते कराराच्या वेळीच टाळावं लागतं, उद्घाटनानंतर नाही.

घरांच्या मागणीबद्दलही आडमुठेपणा नको. ज्या शहराकडे चार-पाच मैदानं आहेत आणि त्यातली दोन ओस पडलेली आहेत, त्याने एखादं नऊ होलचं करून उरलेली जमीन परवडणाऱ्या घरांना द्यावी, अशा मताची मी आहे. नऊ होलची फेरी दोन तासांत होते, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढाच वेळ असतो. मात्र जमीन भाडेपट्ट्याने द्या, विकू नका. विकलेल्या जमिनीचा पैसा एका अर्थसंकल्पात संपतो. आणि जिथे हक्काचा इतिहास घडला ते मैदान या वाटणीत धरू नका. टेक्सासमधल्या ऑस्टिनचं लायन्स म्युनिसिपल 1924 चं. 1950 च्या शेवटी शेवटी दोन काळी पोरं तिथे खेळू लागली आणि शहराने त्यांना हाकलायचं नाही असं ठरवलं. दक्षिणेत ही फार लवकर घडलेली गोष्ट. 2016 मध्ये मैदान राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत गेलं. तरी जमीन विद्यापीठाची, आणि तिथे इमारती उभ्या करण्याचा विषय वर्षानुवर्षं डोक्यावर टांगलेला. असं मैदान एकदा गेलं की त्याची नक्कल दुसरीकडे करता येत नाही, कारण ती पोरं त्याच जमिनीवर उभी होती.

रविवार बंद ठेवला तर उत्पन्न बुडतं, असं व्यवस्थापक सांगतात. बुडतं, खरंच बुडतं. ओल्ड कोर्ससारखं प्रचंड मागणी असलेलं मैदान ते नुकसान सोसतं, मग अर्ध्या वेळा रिकामी जाणाऱ्या मैदानांनी आठवड्यातला एक दिवस, निदान एक संध्याकाळ, चालणाऱ्यांना का देऊ नये? जाळीबाहेरून बघणारी पोरं त्या संध्याकाळी आत येतील. त्यातल्या काहींना पटर हातात धरून बघावासा वाटेल.

कुठल्याही शहराने आपलं जुनं गोल्फ मैदान कोणाला चालवायला दिलं, की मी त्या करारात एकच कलम शोधते: एकट्याने, ओळख न सांगता, खिशाला झेपेल एवढी फी घेऊन आलेल्या माणसाला आत घेणं चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे का, आणि नाही घेतलं तर करार रद्द होतो का. ते कलम नसेल तर गिलेस्पी पार्कच्या एक डॉलरच्या भाडेपट्ट्यात आणि त्यात मला फरक दिसत नाही. अशा मैदानाच्या पाटीवरचा 'सार्वजनिक' हा शब्द शहराने काढून घ्यावा, आणि लोकांच्या पैशातून त्याच्या गवताला बादलीभर पाणीही घालू नये.